रफमधला चेंडू आणि पडद्यावरचा टक्का

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे, त्यामुळे आधी त्याची हद्द आखून घेतो. गोल्फच्या व्हिडिओ गेमबद्दल मी बोलणार आहे, पण सगळ्या खेळाबद्दल नाही. त्यातल्या एकाच क्षणाबद्दल. पहिला फटका वाकडा गेला, चेंडू लांब गवतात जाऊन बसला आणि आता तिथून ग्रीन गाठायचं आहे. फटका मारण्याआधीचे ते दहा-पंधरा सेकंद. एवढाच विषय. कारण मला असं वाटतं की गोल्फचा गेम चांगला की सुमार, हे इथे ठरतं. झाडं किती खरी दिसतात, खेळाडूच्या टोपीवर कुठली खूण आहे, यावर ते ठरत नाही.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी चार शब्द. एका होलचे ढोबळ भाग तीन. जिथून सुरुवात होते तो टी, मधली नीट कापलेल्या गवताची पट्टी म्हणजे फेअरवे आणि शेवटी अगदी बारीक गवताचं ग्रीन, ज्यात झेंडा आणि भोक असतं. फेअरवेच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम वाढू दिलेलं गवत असतं, त्याला रफ म्हणतात. ग्रीनवर चेंडू नेण्यासाठी मारलेला फटका म्हणजे अप्रोच. आणि चेंडू जमिनीवर जसा बसला असेल त्या स्थितीला लाय म्हणतात. ही लाय सुधारायची नाही, चेंडू जसा असेल तसाच मारायचा. 2019 साली गोल्फचे नियम नव्याने लिहिले गेले, त्यात आठवा आणि नववा असे दोन नियम याच तत्त्वाला दिलेले आहेत. मैदान जसं मिळालं तसं, चेंडू जसा पडला तसा.

आता खऱ्या रफमध्ये होतं काय ते पाहू. सामान्य समज अशी की गवत आडवं येतं, ताकद खातं, म्हणून चेंडू कमी जातो. दाट आणि खोल गवतात हे खरंच आहे. शिवाय असं गवत क्लबच्या मानेला गुंडाळलं जातं, क्लबचा चेहरा वळतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. पण गवत मध्यम असेल, चेंडू अर्धवट वर बसलेला असेल, तर उलटंच घडू शकतं. क्लबचा चेहरा आणि चेंडू यांच्यामध्ये गवताची पाती येतात, त्यात ओल असते. त्यामुळे घर्षण कमी होतं आणि चेंडूला उलटी फिरकी नीट मिळत नाही. मग तो नेहमीपेक्षा लांब जातो आणि पडल्यावर थांबायला तयार नसतो. गोल्फवाले याला फ्लायर म्हणतात. म्हणजे गवत तेच, फटकाही तोच. एकदा चेंडू दहा यार्ड अलीकडे पडेल, एकदा दहा यार्ड पलीकडे.

इथे मला नैयायिकांची आठवण होते. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान तुम्हाला माहीत आहे. धूर हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती. व्याप्ती पक्की असेल तरच अनुमान टिकतं. आता ‘चेंडू गवतात आहे, म्हणून तो कमी जाईल’ हे अनुमान घ्या. हेतू आहे गवत. पण तोच हेतू कमी जाणाऱ्या चेंडूपाशीही सापडतो आणि जास्त जाणाऱ्या चेंडूपाशीही. असा दोन्हीकडे फिरणारा हेतू म्हणजे सव्यभिचार, हेत्वाभासाचा एक प्रकार. खरा गोल्फर रफमध्ये उभा राहून काय करत असतो? तो हा हेत्वाभास दुरुस्त करत असतो. नुसतं ‘गवत’ म्हणून भागत नाही. कुठलं गवत, किती ओलं, कुठल्या दिशेला झुकलेलं, चेंडूच्या मागे किती आणि खाली किती, असं करत करत तो हेतू बारीक करत नेतो. मग शेजारच्या तशाच गवतात क्लब फिरवून पाहतो. याला उपमान म्हणायचा मोह होतो, पण नैयायिकांचं उपमान वेगळं आहे, ते सोडून देऊ. मुद्दा असा की सगळं ज्ञान त्याला डोळ्यांनी आणि हातांनी मिळवावं लागतं, आणि ते कधीच पुरेसं नसतं.

आता पडद्याकडे वळू. 1984 साली निन्टेन्डोने ‘गोल्फ’ नावाचाच एक गेम काढला. त्याचं प्रोग्रॅमिंग केलं होतं सातोरू इवाता यांनी, जे पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यात फटका मारायला एक पट्टी होती. पहिल्यांदा बटण दाबलं की स्विंग सुरू, दुसऱ्यांदा ताकद ठरली, तिसऱ्यांदा अचूकता. ही पट्टी पुढे कित्येक गेम्सनी उचलली. 1997 साली प्लेस्टेशनवर ‘एव्हरीबडीज गोल्फ’ आला, कॅमलॉट या स्टुडिओने केलेला. त्याच स्टुडिओने 1999 साली ‘मारिओ गोल्फ’ केला. या घराण्यातल्या गेम्समध्ये चेंडू रफमध्ये गेला की कोपऱ्यात एक आकडा येतो. रफ, 80 ते 90 टक्के. म्हणजे पूर्ण ताकदीने मारलात तर नेहमीच्या अंतराच्या 80 ते 90 टक्के अंतर मिळेल.

हा आकडा म्हणजे कोणतं प्रमाण? प्रत्यक्ष नव्हे, कारण आपण गवत पाहून तो ठरवलेला नाही. अनुमानही नव्हे. हे शब्दप्रमाण आहे, आप्ताचं वचन. जाणकार आणि खरं बोलणारा माणूस सांगतो, म्हणून आपण मानतो. आणि इथला आप्त असा विलक्षण आहे की तो चुकूच शकत नाही. ज्याने आकडा सांगितला त्यानेच ते गवत केलंय. किंबहुना आकडा हेच खरं गवत आहे आणि हिरवं चित्र ही त्याच्यावरची झूल. एका गेममध्ये मी काही आठवडे कोपऱ्यातल्या आकड्यावर कागदाची चिठ्ठी डकवून खेळून पाहिलं. फटका मारला की चिठ्ठी उचलायची आणि आकडा बघायचा. दिसलं असं, की गवताचं चित्र हुबेहूब सारखं असताना आकडा मात्र वेगळा. म्हणजे कितीही निरखून पाहिलं तरी त्या चित्रातून आकडा काढता येणं शक्यच नव्हतं. त्या जगात धूर रंगवलेला आहे, पण अग्नीशी त्याचा संबंध नाही.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, प्रोफेसर आता या खेळांना मोडीत काढणार. तसं नाही. या आकड्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही.

एक उदाहरण घेऊ. झेंडा 150 यार्डांवर आहे. ग्रीन 142 यार्डांवर सुरू होतं आणि 160 वर संपतं. ग्रीनच्या अलीकडे 142 पर्यंत पाणी आहे, पलीकडे साधं आखूड गवत. लाय 80 ते 90 टक्के. चेंडू पडल्यावर घरंगळतो, वारा असतो, ते सगळं बाजूला ठेवू. तुमच्याकडे एक क्लब आहे जो चांगल्या जमिनीवरून 175 यार्ड जातो. त्याचा इथला पट्टा होईल 140 ते साधारण 157. दुसरा क्लब 185 यार्डांचा. त्याचा पट्टा 148 ते साधारण 166. पट्ट्यातली प्रत्येक जागा सारखीच शक्य धरली, तर पहिल्या क्लबने पाण्यात जायची शक्यता नवात एक. दुसऱ्या क्लबने पाणी टळतं, पण ग्रीनच्या मागे जायची शक्यता तिनात एकाहून थोडी जास्त. पाणी म्हणजे दंडाचा एक फटका आणि वर पुन्हा तोच अवघड अप्रोच. मागचं गवत म्हणजे फार तर अर्ध्या फटक्याचं नुकसान. हिशोब करून पाहा, जवळजवळ बरोबरीत सुटतो.

आणि बरोबरीत सुटतो म्हणूनच गंमत आहे. आता निर्णय गणितातून येणार नाही. तुम्ही एका फटक्याने पुढे आहात की मागे, हे शेवटचं होल आहे की चौथं, ग्रीनच्या मागून चेंडू अलगद टाकायला तुमचा हात चालतो की नाही, यातून तो येईल. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने 1921 सालच्या आपल्या पुस्तकात जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. शक्यता मोजता येतात ती जोखीम. मोजताच येत नाहीत ती अनिश्चितता. गेमने इथे अनिश्चिततेची जोखीम करून दिली. त्यामुळे माझ्यासारखा माणूस, ज्याने आयुष्यात रफमध्ये पाय ठेवलेला नाही, तोसुद्धा व्यावसायिक खेळाडूच्या निर्णयाचा एक खराखुरा तुकडा हाताळू शकतो. हे लहान काम नाही.

म्हणून मी टक्का आणि पट्टा यांत फरक करतो. लाय 85 टक्के असा एकच आकडा देणारा गेम आपल्याकडून फक्त भागाकार करून घेतो. 150 भागिले 0.85, उत्तर साधारण 176, त्या अंतराचा क्लब काढा आणि मारा. त्यात ठरवण्यासारखं काही उरतच नाही. 80 ते 90 असा पट्टा देणारा गेम मात्र विचारतो, ‘तुला कुठे चुकायला परवडेल?’ अप्रोचचा खरा प्रश्न हाच आहे. चांगला खेळाडू झेंड्याकडे पाहतो त्याहून जास्त वेळ झेंड्याच्या आजूबाजूला पाहतो.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अनावश्यक अडथळे आपणहून मान्य करून ते ओलांडायचा प्रयत्न करणं म्हणजे खेळ. चेंडू भोकात घालणं हाच हेतू असेल तर हाताने नेऊन टाका की. ते आपण करत नाही, कारण मग गोल्फच उरत नाही. या व्याख्येवर गेमचा वकील म्हणेल, ‘आमचा अडथळा वेगळा आहे, एवढंच. खऱ्या मैदानात गवत वाचायचं, आमच्याकडे पट्टा वाचायचा. बुद्धिबळातल्या घोड्याला खऱ्या घोड्यासारखं खिंकाळायला कोण सांगतं?’ युक्तिवाद चांगला आहे. गेम खऱ्यासारखा नाही ही तक्रार समीक्षेत टिकत नाही, हे मला मान्य आहे.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती दोन पदरी आहे.

पहिला पदर. बुद्धिबळाचा घोडा आपण घोडा असल्याचा आव आणत नाही. हे गेम्स मात्र गवताचं पातं न् पातं रंगवतात, कॅमेरा खाली नेऊन चेंडूपाशी थांबवतात, ‘बघा, नीट बघा’ असं सुचवतात. आणि बघण्यासारखं तिथे काही ठेवत नाहीत. ठरवायचं ते कोपऱ्यातल्या आकड्यावरूनच ठरतं. डोळ्यांना आमंत्रण देऊन त्यांना काम न देणं हा रचनेचा दोष आहे. नाटकात भिंतीवर मोठं घड्याळ लावावं आणि तीन अंकांत त्याच्याकडे कोणी पाहूच नये, तसा.

दुसरा पदर अधिक महत्त्वाचा. 80 ते 90 हा पट्टा शंभराच्या खालीच आहे. त्यात फ्लायरला जागाच नाही. म्हणजे सव्यभिचार हेतूला गेमने पक्की व्याप्ती बनवून टाकलं. जिथे गवत तिथे तोटा. याने रफचा अर्थच बदलतो. खरं रफ तुमच्याकडून काय काढून घेतं? कधी ताकद, कधी फिरकी, कधी दिशा, आणि काय काढून घेतलंय हे आधी सांगत नाही. गेममधलं रफ फक्त ताकद काढून घेतं आणि त्याची पावतीही देतं. जास्त जोराने मारलं की हिशोब पुरा. त्यातून खेळणाऱ्याला सवय लागते, अडचण आली की जोर वाढवायचा. खऱ्या रफमध्ये अनेकदा उलट शहाणपण लागतं. कमी अंतराचा क्लब काढावा, कारण चेंडू उडून जाईल. किंवा ग्रीनचा नाद सोडून नुसतं फेअरवेवर यावं.

फिरकीचा मुद्दा केवळ बारकाव्याचा आहे असं समजू नका. गोल्फच्या दोन नियामक संस्था, आर अँड ए आणि यूएसजीए, यांना 2010 सालापासून वरच्या पातळीवरच्या खेळात क्लबच्या चेहऱ्यावरच्या खाचांवर नवी मर्यादा घालावी लागली. खाचांचं आकारमान आणि त्यांच्या कडांची धार, दोन्हींवर. कारण काय? धारदार खाचांमुळे रफमधूनही चेंडूला भरपूर फिरकी मिळू लागली होती. मग लोकांनी विचार केला, पहिला फटका सरळ मारायची गरजच काय? जीव खाऊन मारा, गवतात गेला तरी तिथून थांबवता येतोच. थोडक्यात, खऱ्या खेळाच्या रखवालदारांना वाटलं की रफ फार भरवशाचं झालंय, त्याचा बेभरवसा थोडा परत आणला पाहिजे. अंतराचा तोटा वाढवायला त्यांनी गवत दुप्पट वाढवायला सांगितलं नाही. त्यांनी फिरकीला हात घातला.

बरं, हा बेभरवसा किती महाग पडतो? कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या नोंदींवरून सरासऱ्या काढल्या. 2014 साली त्यांचं ‘एव्हरी शॉट काउंट्स’ हे पुस्तक आलं. त्यांच्या तक्त्यात 100 यार्डांवर फेअरवेवरून चेंडू भोकात जायला सरासरी 2.80 फटके लागतात, रफमधून 3.02. 160 यार्डांवर 2.98 आणि 3.23. म्हणजे जगातल्या उत्तम खेळाडूंना रफ फक्त पाव फटक्याच्या आसपास महाग पडतं. इतकं कमी का? त्यांच्या दंडात जोर आहे हे एक कारण, पण माझ्या मते तेवढंच नाही. ते गवत वाचतात. त्या पाव फटक्यात वर्षानुवर्षांचं वाचन दडलेलं आहे. गेममध्ये तो पाव फटका थेट कापून घेतला जातो, वाचनाची संधी न देता.

मग चांगला गेम कसा असेल? 2014 साली कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने ‘द गोल्फ क्लब’ नावाचा गेम काढला. पुढे त्याच घराण्यातून ‘पीजीए टूर 2के’ मालिका निघाली. त्या पहिल्या गेममध्ये ताकदीची पट्टी पडद्यावर ठेवलीच नव्हती. काठी किती मागे न्यायची, किती वेगाने पुढे आणायची, हे अंगानेच शिकायचं. सुरुवातीला वैताग येतो. पण काही दिवसांनी अर्धा फटका किती, पाऊण किती, हे बोटांना कळायला लागतं, आणि ते कळणं आपलं स्वतःचं असतं. पट्टी काढून टाकल्याने खेळ गरीब झाला नाही. माझं म्हणणं एवढंच की ताकदीच्या बाबतीत जे धाडस या गेमने दाखवलं, ते लायच्या बाबतीतही दाखवता येईल. आकडा लपवा, आणि गवत खरं बोलेल असं रंगवा. खोल बसलेला चेंडू खोल दिसू दे, झुकलेलं गवत झुकलेलं दिसू दे, आणि चित्राप्रमाणे परिणाम होऊ दे. पन्नास फेऱ्यांनंतर खेळणाऱ्याच्या मनात जो पट्टा तयार होईल तो त्याने अनुमानाने मिळवलेला असेल.

याचा गोल्फपलीकडे काही संबंध आहे का? आहे. टक्का हा शब्द आपल्या घराघरात वेगळ्याच ठिकाणी ऐकू येतो. दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न, ‘किती टक्के?’ मी चाळीसच्या आसपास वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, म्हणून सांगतो. 85 टक्क्यांच्या दोन मुली शेजारी बसवा. एकीला सगळं थोडं थोडं येतं, दुसरीला एक भाग अजिबात येत नाही आणि उरलेला उत्तम येतो. दोघींची लाय वेगळी, आकडा एक. आकडा खोटा नाही. पण तो मिळाला की आपण गवताकडे बघायचं थांबवतो, हा त्याचा धोका. खेळ ही अशी जागा आहे जिथे चुकीची किंमत काही गुण एवढीच असते. म्हणजे बघायची सवय लावून घ्यायला याहून स्वस्त शाळा नाही. तिथेही आपण आयत्या आकड्यावर भागवलं, तर ती सवय लागणार कुठे?

इथे थांबतो. वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आकडा लपवला तर नवखा माणूस दोन दिवसांत कंटाळून गेम बंद करेल. मग गवत वाचायला शिकणार कोण?

उत्तर : रास्त शंका आहे. लहान मुलाला सायकल शिकवताना मागून कॅरिअर धरतात ना, तसा आकडा सुरुवातीला असू द्यावा. माझं भांडण कॅरिअर कधीच न सोडणाऱ्यांशी आहे. पहिल्या दहा फेऱ्या आकडा दाखवा, मग फटका मारून झाल्यावर दाखवा, मग दाखवूच नका. मधली पायरी सगळ्यात महत्त्वाची. आधी आपण अंदाज करायचा आणि मग आप्ताला विचारायचं. अंदाज न करताच विचारलं तर उत्तर मिळतं, पण आपलं कुठे चुकतंय ते कळत नाही.

प्रश्न : फ्लायर नशिबाचा भाग नाही का? नशीब वाढवलं तर कौशल्याला काय अर्थ राहिला?

उत्तर : फ्लायर होईलच हे सांगता येत नाही, पण होऊ शकेल हे गवत बघून कळतं. कळल्यावर ग्रीनच्या अलीकडच्या अर्ध्या भागावर नेम धरता येतो. जे ओळखता येतं आणि ज्याची तयारी करता येते, त्याला मी निव्वळ नशीब म्हणणार नाही. कोपऱ्यातल्या पट्ट्यात चेंडू 80 ला पडेल की 90 ला, हे मात्र निव्वळ नशीब आहे, कारण तिथे ओळखण्याजोगी खूणच नाही. म्हणजे कौशल्य हवं असेल तर आधी खुणा वाढवायला हव्यात.